रोजच्या गाडीला परफॉर्मन्स ब्रेक पॅड: कोणते घ्यावेत आणि बेडिंग (नवे पॅड डिस्कवर मुरवणं) कसं करावं

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

गाडीसोबत आलेले पॅड संपत आले की ‘या वेळी जरा चांगले टाकू’ असं वाटतं आणि निवडायला बसलं की डोकं चक्रावतं. हाच प्रश्न इथे सुटासुटा बऱ्याचदा येतो, म्हणून एका जागी लिहितोय. धागा रोज चालवायच्या गाडीपुरता आहे: कामावर जाणं, पावसात अडकणं, सुट्टीत एखादा घाट. ट्रॅकवर नेणाऱ्यांची गरज वेगळी.

आधी एक समजूत बाजूला ठेवू. पेडल जोरात दाबल्यावर एबीएस (चाकं अडकू न देणारी यंत्रणा) खडखडत असेल, तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे. गाडी किती अंतरात थांबेल ते त्यापुढे टायर ठरवतात. महागातले पॅड टाकून पहिला थांबा फारसा आखूड होत नाही. फरक पडतो तो पाचव्या, सहाव्या थांब्याला, जेव्हा साधे पॅड तापून हात टेकतात. शिवाय पेडलवर पाय किती दाबला की गाडी किती थांबते, याचा अंदाज पक्का येतो. माझ्या मते रोजच्या गाडीत या दुसऱ्या गोष्टीचं मोल जास्त.

उष्णतेचा हिशेब करून बघा. १,५०० किलोची गाडी ताशी १०० किमीवरून थांबवली की साधारण ५८० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. ६० वरून थांबवली तर २१० च्या आसपास, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुढच्या चाकांवर सुमारे ७० टक्के भार धरला आणि पुढची प्रत्येक डिस्क (चाकासोबत फिरणारी, पॅड जिला धरतात ती लोखंडी चकती) ७ किलोची मानली, तर १०० वरच्या एका थांब्यात ती ६० अंशांनी तापते. शहरात ४०-५० च्या वेगात ती फार तापतच नाही, पुढचा सिग्नल येईपर्यंत बरीचशी निवतेही. लांब उतारावर मात्र एक वळण गार व्हायच्या आत दुसरं येतं आणि अंश एकावर एक चढत जातात.

पॅडचे प्रकार या दोन टोकांच्या मधे बसतात. ऑरगॅनिक पॅड तंतू, रबर, भुकटी असं राळेत बांधलेलं मिश्रण. आवाज कमी, डिस्क कमी झिजवतात, गार असताना लगेच पकडतात, पण जास्त तापले की ढेपाळतात. सेमी-मेटॅलिकमध्ये पोलाद आणि लोखंडाचं प्रमाण भरपूर. उष्णता सोसतात, पेडलला पकड ठोस लागते. बदल्यात काळी धूळ, थोडा आवाज आणि डिस्कची झीज. सिरॅमिक नावाने विकले जाणारे पॅड शांत असतात, त्यांची धूळ फिकट आणि कमी, टिकतातही चांगले. पण सुरुवातीची पकड बऱ्याच जणांना मऊ वाटते. आणि ट्रॅकचे पॅड. ते गार असताना नीट पकडतच नाहीत, आधी तापावे लागतात. सकाळी घराबाहेर पडताना समोर कोणी आडवं आलं, तर ते तापायला वेळ कुठून आणणार?

म्हणून दोनच प्रश्न विचारा. सकाळच्या अगदी पहिल्या ब्रेकला हा पॅड पकडेल का? आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्यातला सर्वांत लांब उतार उतरून तळाशी आल्यावर पकडेल का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसऱ्याचं कितीही छान असो, तो पॅड रोजच्या गाडीत नको.

---

नवी_चावी

दादा, फार उपयोगी लिहिलंत. एक शंका. पॅडच्या कडेला आकड्यांची रांग असते, तिच्यात ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी अक्षरं दिसतात. जी हे एफच्या पुढचं म्हणजे जास्त चांगलं असं समजायचं का? आणि काही पॅड हिरवे, लाल, पिवळे असतात, त्याचा अर्थ काय?

---

तिसरा_गिअर

ती अक्षरं एसएईच्या (वाहन अभियंत्यांची अमेरिकी संस्था) जे८६६ पद्धतीतली. पहिलं अक्षर सामान्य तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पट्टा केवढा रुंद आहे बघा. ०.३६ चा पॅड एफ आणि ०.४४ चाही एफच. शिवाय ही चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर यंत्रात होते, तुमच्या कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) नाही. त्यामुळे त्या अक्षरांवरून दोन पॅडची क्रमवारी लावू नका. त्यातून एक गोष्ट मात्र घ्यावी: दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, उदाहरणार्थ एफई, तर तापल्यावर पकड घसरते हे उघड लिहिलेलं आहे.

जीजी म्हणजे चांगलं असंही नाही. मूळ पॅडपेक्षा पकड फार जास्त असेल, तर पायाच्या सवयीपेक्षा गाडी लवकर अडकते आणि ओल्या रस्त्यावर एबीएस लवकर जागं होतं.

युरोपात विकल्या जाणाऱ्या बदली पॅडना इसीई आर९० हा नियम आहे. त्यात पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के इकडेतिकडे असावी लागते. पाठीच्या पत्र्यावर गोलात ‘ई’ आणि त्यापुढे ‘९०आर’ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर निदान गार असतानाच्या वागणुकीबद्दल निश्चिंत राहता येतं. रोजच्या गाडीसाठी मी आधी ही खूण शोधतो, मग बाकीचं.

रंगाला सर्वमान्य अर्थ नाही. इबीसीच्या ग्रीनस्टफ, रेडस्टफ, यलोस्टफ या नावांत रंग म्हणजे त्यांचं मिश्रण. दुसऱ्या कंपनीचा लाल पॅड त्या लालशी काहीही नातं सांगत नाही.

---

तेलकट_हात

वरची माहिती बरोबर आहे. मी बसवण्याबद्दल सांगतो, कारण गॅरेजमध्ये ‘पॅड खराब निघाले’ म्हणून जे परत येतात, त्यात बहुतेक वेळा पॅडचा दोष नसतो.

एक. पुढचे आणि मागचे पॅड सांभाळून निवडा. पुढे मूळचे आणि मागे खूप पकडीचे असं कधीही करू नका. जोरात ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, तीच आधी अडकली तर गाडी फिरते. फक्त पुढचे बदलले तर निदान मागची चाकं आधी अडकण्याचा धोका नसतो. एका धुरीवर दोन्ही बाजूंना एकाच डब्यातले पॅड हवेत, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं, कॅलिपरच्या सरकत्या पिना. त्या हाताने सहज सरकल्या पाहिजेत. अडकत असतील तर आतला पॅड झिजून पत्र्याला टेकतो आणि बाहेरचा नव्यासारखा राहतो. पिना साफ करून सिलिकॉनचं ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत पीन पुन्हा जाम. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढा. पॅड हाताने खाचेत सरकला पाहिजे, हातोडीने नाही.

कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवा. ऑइल वर येऊन सांडलं तर रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. मागचे पिस्टन बऱ्याच गाड्यांत फिरवून आत जातात, ते सी-क्लॅम्पने दाबू नका. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड (हँडब्रेक मोकळा ठेवणारी सेटिंग) लावा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल चार-पाच वेळा दाबून कडक होऊ द्या. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिलं पेडल सरळ तळाला जातं. जागेवरून गाडी काढताना समोर भिंत असेल तर काय होईल, ते तुम्हीच बघा.

---

रात्रपाळी

मी पॅड मागवलेत, डिस्क जुन्याच आहेत. मोजल्या तर कडेवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा बऱ्याच जाड आहेत, चर नाहीत. डब्यातल्या कागदावर सुरुवातीचे काहीशे किलोमीटर हळुवार चालवा असं आहे. व्हिडिओंत सगळे १०० वरून दहा वेळा जोरात ब्रेक मारा म्हणतात. नक्की कोणाचं ऐकायचं?

---

तिसरा_गिअर

रात्रपाळीताई, कागदाचं. मिश्रण ज्याने केलं त्यालाच ते कसं मुरवायचं हे माहीत. काही पॅडच्या पृष्ठभागावर खरखरीत थर लावलेला असतो, तो जुनी डिस्क घासून साफ करतो. त्यांना हळुवार सुरुवातच हवी. काही पॅड कारखान्यातच भाजून येतात, त्यांना थोडक्यात भागतं. कागदावर काहीच नसेल तेव्हा खालची पद्धत वापरावी.

पण आधी बेडिंगमध्ये होतं काय ते सांगतो, म्हणजे कुठे चुकतं ते आपोआप कळेल.

दोन कामं एकदम चालू असतात. पॅडमधली राळ पहिल्यांदाच नीट तापते आणि तिच्यातून वायू निघतात. ते डिस्क आणि पॅडच्या मधे आले की पकड अचानक सुटते. नव्या पॅडचा हा फेड पहिल्याच घाटात गाठतो आणि माणूस घाबरतो. तो वायू मोकळ्या रस्त्यावर, आपल्या सोयीने बाहेर काढून टाकायचा. दुसरं काम म्हणजे पॅडचा अगदी पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढवणं. त्यानंतर घर्षण नुसतं पॅड लोखंडाला खरवडून होत नाही, पॅड आपल्याच थराला धरतो आणि सोडतो. पकड सारखी राहते ती या थरामुळे. थर असमान चढला की थरथर सुरू.

जुन्या डिस्कवर आधीच्या पॅडचा थर असतोच. मिश्रण वेगळं असेल तर नवा थर त्यावर नीट धरत नाही. म्हणून डिस्क काढून १२० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू गोल-गोल घासा, चमक जाऊन मॅट राखाडी दिसेपर्यंत. मग ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडकं. नवी डिस्क असेल तर तिच्यावरचं गंजरोधक तेल साबणाच्या पाण्याने धुवून, पुसून लगेच बसवा.

आता रस्ता. रहदारी नसलेला, सरळ, मागे कोणी नाही असा हवा. पहाटेची वेळ बरी. सुरुवातीला ५०-६० वरून हलके चार-सहा ब्रेक, नुसतं ऊब येण्यासाठी. मग ८० ते १०० वरून मध्यम ते जोरदार, पण एबीएस लागू न देता, १०-१५ पर्यंत वेग उतरवायचा. पूर्ण थांबायचं नाही. लगेच वेग वाढवायचा आणि पुन्हा. असं आठ-दहा वेळा. मधेच वास येईल, थोडा धूरही दिसेल. राळ तापल्याचा तो वास आहे. पेडल थोडं लांब गेल्यासारखं, पकड ढिली झाल्यासारखी वाटली की तिथेच हात आखडता घ्या. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला शक्य तितका कमी हात लावत गाडी चालवत राहा. वारा लागून सगळं एकसारखं निवू द्या.

‘पूर्ण थांबायचं नाही’ यावर एवढा जोर का? डिस्क ३००-४०० अंशांवर असताना पॅड एका जागी दाबून ठेवला तर तिथे पॅडच्या आकाराचा ठसा उमटतो. उष्णता तिथेच कोंडते, थर तिथे जाड होतो. घरी आल्यावरही मागच्या डिस्क गरम असतील तर हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा.

दुसऱ्या दिवशी डिस्क बघा. घासलेला चकचकीत चांदीसारखा रंग जाऊन सगळीकडे सारखी निळसर करडी झाक आली असेल तर काम झालं. पट्टे किंवा डाग दिसले तर आणखी एकदा.

---

शांत_रस्ता

थोडं वेगळं मत मांडतो. गाड्या कारखान्यातून येतात तेव्हा कोणी मालक १०० वरून दहा ब्रेक मारत नाही. तरी ते पॅड वर्षानुवर्षं व्यवस्थित चालतात. रस्त्यावर असं मुद्दाम ब्रेक मारत सुटणं मला धोक्याचं वाटतं. शांतपणे चालवलं तर पॅड आपोआप बसतात.

---

तेलकट_हात

तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. मूळचे किंवा ऑरगॅनिक पॅड आणि नवी डिस्क असेल तर पहिले तीनशे किलोमीटर सांभाळून चालवलं की बसतात. मी माझ्या गिऱ्हाइकांना तेच सांगतो.

जास्त धातू असलेल्या पॅडचं तसं नाही. ते शहरातल्या वेगात तापतच नाहीत, मग थर चढणार कसा? नुसते घासत राहतात, डिस्क खातात, किंचाळतात. वरवर गुळगुळीत होऊन बसतात, मग तेच ‘खराब पॅड’ म्हणून माझ्याकडे येतात. काढून बघावं तर तोंड काचेसारखं चकाकत असतं. आणि ज्याला बेडिंगसाठी मोकळा रस्ता मिळणारच नाही, त्याने असले पॅड घेऊ नयेत. हे मी अगदी मनापासून सांगतो. रस्ता सापडत नाही म्हणून भरल्या वाहतुकीत करायला जाऊ नका.

---

लांबपल्ला

माझ्याकडे वेगळंच झालंय. दुसरीकडून पॅड आणि डिस्क दोन्ही नवे बसवून घेतले. बेडिंग वर लिहिलंय तसंच केलं, पहिले दोन-तीन आठवडे मस्त चाललं. आता ९० च्या वर ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. ‘डिस्क वाकली, बदला’ असं सांगताहेत. नवी डिस्क एवढ्यात वाकते?

---

तेलकट_हात

वाकलेली नसणार. बदलायची घाई नको. लगेच थरथर नव्हती आणि हळूहळू आली, यावरून मला हबचा संशय येतोय. चाक काढा, डिस्क काढा आणि डिस्क जिथे टेकते तो हबचा चेहरा बघा. गंजाची खपली आहे का?

---

लांबपल्ला

आज उघडलं. तुमचा अंदाज तंतोतंत. बोल्टच्या दोन भोकांच्या मधे नखाएवढी गंजाची पापडी, डिस्कच्या मागच्या बाजूला तिचाच ठसा. डायल गेज (डोलणं मोजायचं घड्याळी माप) लावून मोजलं तर डिस्क कडेला ०.१२ मिमी डोलत होती.

---

तिसरा_गिअर

मग कारण सापडलं. बऱ्याच गाड्यांत मर्यादा ०.०५ ते ०.१ मिमीच्या दरम्यान दिलेली असते, तुमच्या गाडीची सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. हबवर एवढीशी खपली राहिली की डिस्क तिरकी बसते. ब्रेक न लावताही प्रत्येक फेऱ्यात तीच जागा पॅडला चाटून जाते. कुठे झिजते, कुठे थर साचतो, आणि जाडीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला फरक पडला तरी हाताला जाणवतो. म्हणून सुरुवातीला सगळं छान वाटलं.

हब तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करा, डिस्कचा मागचा भागही. बसवून पुन्हा गेज लावा. डोलणं मर्यादेत आलं की डिस्क घासून बेडिंग पुन्हा करा. थर फार साचलेला नसेल तर थरथर जाते. नाही गेली तर डिस्क गाडीवरच कातून घेता येते. फार दिवस तसंच चालवत राहू नका, कारण साचलेल्या जागी डिस्क जास्त तापते आणि तिथल्या ओतीव लोखंडात सिमेंटाइट तयार होतं. ते आजूबाजूच्या लोखंडापेक्षा कडक असतं, घासून जात नाही, आणि मग डिस्क खरंच बदलावी लागते. चाकाचे नट टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने आवळा. इम्पॅक्ट गनने कसेही ठोकले तरी डिस्क तिरकी बसते.

---

लांबपल्ला

साफ करून ०.०३ वर आलं. घासून पुन्हा बेडिंग केलं, थरथर नव्वद टक्के गेली. आणखी थोडं चालवून बघतो. दोघांचेही आभार.

---

नवी_चावी

एवढं वाचून मी सिरॅमिकवर आलोय, कारण माझा रस्ता सगळा शहरातला. ब्रेक ऑइलपण बदलावं का? कधी बदललं होतं ते आठवत नाही.

---

तिसरा_गिअर

आठवत नाही म्हणजे बदलाच, आणि पॅडच्या आधी. ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर किमान १५५. डॉट ५.१ ला हेच २६० आणि १८०. जास्त उष्णता सोसणारे पॅड टाकले की तीच उष्णता कॅलिपरपर्यंत पोचते. ऑइल उकळून बुडबुडे झाले तर पेडल तळाला जातं आणि पॅड कितीही चांगला असला तरी काही चालत नाही. दोन वर्षांनी बदलत जा. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, नाव सारखं दिसलं तरी यात मिसळू नका.

---

रात्रपाळी

माझी गाडी हायब्रिड आहे, हे सांगायचं राहिलं. तिला हे सगळं लागू होतं का?

---

तिसरा_गिअर

महत्त्वाचं विचारलंत. हायब्रिडमध्ये हलक्या ब्रेकला मोटरच गाडी आवरते, पॅड डिस्कला जेमतेम लागतात. तुमची अडचण उष्णतेची कमी आणि गंजाची जास्त. म्हणून गार पकड चांगली असलेला शांत पॅड घ्या, जास्त धातूचा नको. मागवलेले पॅड सेमी-मेटॅलिक असतील आणि डबा फोडला नसेल तर बदलून मिळतात का बघा.

बेडिंग करताना हलका ब्रेक उपयोगाचा नाही, पॅड तापणारच नाहीत. थोडा जोर लावला की मोटर पुरी पडत नाही आणि खरे ब्रेक कामाला लागतात. बॅटरी भरलेली असेल तर आणखी लवकर. पुढेही आठवड्यातून एक-दोनदा मोकळ्या रस्त्यावर जरा ठोस ब्रेक मारत जा, डिस्कवरचा गंज निघून थर टिकतो.

---

तेलकट_हात

आणि हायब्रिडचे पॅड वर्षानुवर्षं झिजत नाहीत म्हणून कोणी उघडून बघत नाही, तेवढ्यात पिना जाम होतात. दरवर्षी पावसाळा संपला की चाकं काढून पिना सरकतात का बघा, ग्रीस नवं करा. पॅड ३ मिमीच्या खाली आला असेल तर त्याच वेळी बदला.